कागदावर चार नंबर, पाटीवर जिजाऊ

संपादक साहेब, नमस्कार,

मुलीला एमएस्सीला अॅडमिशन मिळाली म्हणून तिला सोडायला मागच्या महिन्यात एका मोठ्या विद्यापीठात गेलो होतो. ट्रंक, गादी, बादली सगळं बरोबर, आणि रिक्षा गेटवरच अडवली. अलॉटमेंटच्या कागदावर 'मुलींचे वसतिगृह क्र. ४', वॉचमन विचारतो 'चार म्हणजे जुनं का नवीन?', पोरींना विचारलं तर त्या म्हणाल्या पिवळी बिल्डिंग का, आणि शेवटी सापडलं तेव्हा पाटीवर होतं 'जिजाऊ'. मोबाईलच्या मॅपने तर मागच्या बंद गेटपाशी नेऊन सोडलं. भर उन्हात सव्वा तास गेला, पोरगी रडकुंडीला आली.

भाचा दिल्लीला जेएनयूत होता, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट आठवली. तो कॅम्पस हजार एकरांच्या आसपास आहे, पण हॉस्टेलांना नद्यांची नावं, कावेरी, गोदावरी, साबरमती, झेलम, तापी, आणि आपली कोयनासुद्धा! सातारचा माणूस मी, दिल्लीत कोयनेचं नाव वाचून ऊर भरून आला. राहायच्या भागांची नावं तर उत्तराखंड, दक्षिणापुरम, पूर्वांचल, पश्चिमाबाद, म्हणजे नावातच दिशा. ६१५ नंबरच्या बसमध्ये नुसतं पूर्वांचल म्हटलं की कंडक्टरला कळतं. कागदावर जे नाव तेच पाटीवर आणि तेच लोकांच्या तोंडी, सगळी सोय त्यात आहे.

आपल्याकडे थोरामोठ्यांची नावं देतात ते चांगलंच आहे, पण मग ऑफिसच्या कागदावर तेच नाव छापा ना, जुना नंबर कशाला चालू ठेवता? पोस्ट खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, म्हणजे पत्ता सापडावा म्हणून जमिनीच्या साधारण चार बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी कोड, तो प्रत्येक बिल्डिंगच्या दाराचा काढून अलॉटमेंट लेटरवर टाकता येईल. अर्थात वॉचमनला कोड सांगून उपयोग नाही, त्याला नावच लागणार, म्हणून गेटवर मोठा नकाशा आणि प्रत्येक चौकात बाणाच्या पाट्या आधी लावा, मराठीत आणि इंग्रजीतही, कारण बाहेरच्या राज्यातली मुलंही येतात.

मागच्या आठवड्यात मुलीच्या रूममेटला रात्री ताप चढला आणि अॅम्ब्युलन्सवाला फोनवर विचारत होता, 'चार नंबर म्हणजे नक्की कुठलं?' शेवटी मुलीच टॉर्च घेऊन रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या अॅडमिशनची वाट न बघता पाट्यांचं काम याच सेमिस्टरमध्ये करा, एवढी कळकळीची विनंती.

– एक पालक, सातारा