रखमानिनॉफनंतर काय वाजवायचं?

प्रिय सुहास,

पियानोवर रशियन संगीतकारांपैकी रखमानिनॉफ झाला, स्क्रियाबिन झाला, आता पुढे कोण, असं विचारलंस. ल्यापुनॉव इतक्यात घेऊ नकोस. त्याचे ओपस (रचना-क्रमांक) ११ चे बारा एट्यूड, म्हणजे सरावाच्या रचना (१८९७ ते १९०५), भन्नाट आहेत. हंगेरीच्या लिस्टने आपल्या बारा एट्यूडमध्ये फ्लॅटच्या (उतरलेल्या सुरांच्या) बाजूचे स्केल घेतले होते, राहिलेले शार्पच्या (चढलेल्या सुरांच्या) बाजूचे ल्यापुनॉवनं पुरे केले. दहावा, 'लेझगिंका', जरूर ऐक. पण वाजवायला घेतलास तर सगळा वेळ बोटांच्या कसरतीत जाईल, आणि या संगीताचा जीव तर मधल्या आवाजांत, म्हणजे वरची चाल आणि खालचा खर्ज यांच्या मधल्या सुरांत आहे.

त्यापेक्षा मेट्नर या रशियन संगीतकाराच्या ओपस २६ मधली तिसरी 'स्काझ्का' घे. एफ मायनर स्केलमधली, अगदी छोटी. स्काझ्काला इंग्रजीत परीकथा म्हणतात, ते मला पटत नाही. आपली 'कहाणी' जास्त जवळची. सुरुवातीलाच 'नारांते आ पियाचेरे' लिहिलंय, म्हणजे सांगितल्यासारखं, आपल्या कलानं. एवढं वाचून लोक प्रत्येक ओळ ओढतात आणि चाल विस्कटते. आधी आठवडाभर मेट्रोनोमवर (ठेका देणाऱ्या यंत्रावर) सरळ वाजव, मग फक्त ओळीच्या शेवटी सैल सोड.

मधला आवाज हातात बसवायचा तर ब्लुमेनफेल्डचा ओपस ३६, फक्त डाव्या हाताचा एट्यूड, ए-फ्लॅट मेजर. ब्लुमेनफेल्ड हा प्रसिद्ध पियानोवादक होरोविट्झचा गुरू. चाल बहुतेक अंगठ्यावर, खाली खर्ज, आणि दोघांच्या मध्ये झुळझुळणारे सूर. पहिले काही दिवस मधले सूर गाळ. नुसता खर्ज आणि अंगठा, पेडलसह (सूर लांबवणारी पायाची कळ). चाल सलग ऐकू आली की मधले सूर घाल, पण इतके हळू की जेमतेम कळावेत. अंगठा मुळातच जड. तो आपटला की चाल गाण्याऐवजी ठोके देते. म्हणून पियानोच्या पट्टीला आधी स्पर्श, मग वजन.

पेडलची गफलत हमखास होते. नवा खर्ज वाजताक्षणी पेडल सोडायचं आणि बोट पट्टीवर असतानाच पुन्हा दाबायचं. बोट आधी उचललं तर खर्ज गेलाच, वरचं सगळं पोकळ वाटतं. तुझ्या डिजिटल पियानोला साधं चालू-बंद पेडल असेल तर अर्धं पेडल देणारं, म्हणजे अर्धवट दाबलेलंही ओळखणारं घे, नाहीतर चाल गढूळच राहील.

ऐकण्यासाठी मेट्नरची 'सोनाटा-रेमिनिशेन्झा', ओपस ३८ मधली पहिली, एकाच सलग भागाची. मेट्नरनं वाजवलेल्या स्वतःच्या रचनांचं ध्वनिमुद्रण लंडनला १९४७ पासून झालं, ते म्हैसूरच्या महाराजा जयचामराजेंद्र वाडियारांच्या पैशांवर. मेट्नरचा तिसरा कॉन्चर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) त्यांनाच अर्पण आहे. त्या मुद्रणांत मेट्नरचा डावा हात ऐक: उजव्याच्या मागे लपत नाही, त्याच्याशी बोलतो.

ब्लुमेनफेल्डचं पहिलं पान, नुसता खर्ज आणि अंगठा, फोनवर रेकॉर्ड करून पाठव. पेडल कुठे सुटतंय ते लगेच सांगता येईल.

तुझा,
अविनाश