ग्रंथपाल मॅडमना, 12 ऑगस्टच्या निमित्तानं

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतात, एक-दोन भाषणं होतात, पेढे वाटतात. काउंटरमागे वर्षभर उभ्या असलेल्या माणसाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. ‘पुस्तक छान आहे, आवडलं’ एवढाच अभिप्राय लिहिणाऱ्याला तुम्ही वही परत देता आणि विचारता, ‘कुठल्या पानावर?’ तेव्हा आभारसुद्धा पान क्रमांकासकट मानलेले बरे.

पहिले आभार पुस्तक निवडायला शिकवल्याबद्दल. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ ही पुस्तक खपावं म्हणून केलेली असतात, त्यामुळे ती शेवटी बघायची. आधी शीर्षकाच्या पानाची मागची बाजू. तिथे पहिल्या आवृत्तीचं साल, नंतरच्या आवृत्त्या, आणि भाषांतर असेल तर मूळ भाषा व मूळ नाव मिळतं. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. आवृत्ती बदलली की लेखकानं काही काढलेलं-घातलेलं असू शकतं, म्हणून निबंधात पान क्रमांक देताना कोणती आवृत्ती हे लिहिलं नाही तर तो क्रमांक कुचकामी. मग पुस्तकाच्या मधलं कुठलंही एक पान पूर्ण वाचायचं. सुरुवातीवर बहुतेक लेखक मेहनत घेतात, खरा कस मधल्या पानावर लागतो. प्रस्तावना शेवटी वाचायची, विशेषतः दुसऱ्यानं लिहिलेली, कारण तिच्यात शेवट फोडलेला असण्याचा संभव दांडगा.

पुस्तकाच्या पाठीवरचे आकडे वाचायला शिकवलेत, हे तर फारच उपयोगी पडलं. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युई पद्धतीत मराठी साहित्य 891.46 मध्ये. त्यापुढे 1 असेल तर कविता, 2 नाटक, 3 कथा-कादंबरी. एवढं डोक्यात बसलं की हव्या त्या पुस्तकाचे शेजारीपाजारी आपोआप भेटतात. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दुसरं आहे ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’. ते भिंतीवर लावायला सोपं. नववीतला मुलगा आणि निवृत्त पोस्टमन एकाच वेळी काउंटरवर आल्यावर ते पाळायचं कसं, ते तुम्हाला बघून कळतं.

आता वाचनाच्या वहीबद्दल. दोनशे पानी वही, डाव्या पानावर पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, पान क्रमांकासह. उजव्या पानावर आपलं म्हणणं. दोन्ही एकाच पानावर लिहिली की सहा महिन्यांनी कुठलं वाक्य लेखकाचं आणि कुठलं आपलं हे ओळखू येत नाही, आणि मग नकळत दुसऱ्याचं वाक्य आपल्या कथेत शिरतं. वाङ्मयचौर्य पुष्कळदा असंच, वही नीट न ठेवल्यानं होतं, हे तुमचं निरीक्षण मला पटतं. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलनंही खूण करायची नाही, कोपरा दुमडायचा नाही. बोटभर रुंदीची कागदाची पट्टी घालायची आणि परत करताना काढून घ्यायची. पेन किंवा चष्मा खुणेला ठेवला तर शिवण उसवते. दहा पट्ट्यांपेक्षा जास्त लागल्या तर वाचक सगळंच महत्त्वाचं समजतोय, असं तुम्ही म्हणता. यावर आमच्या बुधवारच्या गटात अजून वाद आहे.

सगळ्यांत जास्त ऋण आहे ते उतरवून काढण्याच्या सरावाचं. आठ-दहा ओळींचा एक परिच्छेद हातानं लिहून काढायचा. पुस्तक मिटायचं, लिहिलेला कागद उलटा ठेवायचा, चहा प्यायचा. मग तोच परिच्छेद आठवून लिहायचा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. समजा, मूळ वाक्य असं आहे: ‘म्हातारीनं कंदिलाची काच पुसली, वात वर केली आणि दाराकडे पाहिलं.’ आठवून लिहिताना ते हमखास असं होतं: ‘त्या वृद्ध म्हातारीने थरथरत्या हातांनी कंदिलाची काळवंडलेली काच हळुवारपणे पुसली आणि आशेने दाराकडे पाहिले.’ वृद्ध म्हातारी! वात वर करणं गळून गेलं, आणि तिथेच तर कोणाची तरी वाट बघणं होतं. ते हरवल्यावर ‘आशेने’ हा शब्द भरतीला आला. कृती गेली की तिच्या जागी विशेषणं आणि क्रियाविशेषणं येऊन बसतात, हे व्याख्यान ऐकून कळत नाही. दोन कागद शेजारी ठेवले की लगेच दिसतं. शिवाय मूळ वाक्यातलं ‘म्हातारीनं... पाहिलं’ हे बोलीच्या वळणाचं, आणि आठवलेलं ‘म्हातारीने... पाहिले’ हे शाळेच्या निबंधातलं. नियम दोन्ही रूपांना जागा देतात, पण एकाच निवेदनात कधी ‘केलं’ तर कधी ‘केले’ असं झालं की वाचकाला दोन माणसं बोलतायत असं वाटतं. निवेदन एका रूपात ठरवायचं आणि शेवटपर्यंत पाळायचं. पात्राच्या तोंडची बोली वेगळी असू शकते. मात्र पहिल्या संवादात ‘व्हय’ म्हणणारा माणूस चौथ्या संवादात ‘होय, निश्चितच’ म्हणायला लागला तर तो माणूस लेखकाच्या हातून निसटला.

आपलं लिहिलेलं मोठ्यानं वाचण्याची सक्तीही तुमचीच. ‘तो उठून, तोंड धुऊन, चहा घेऊन, सायकल काढून निघाला’ असल्या वाक्यात धाप लागते तिथे पेन्सिलनं रेघ मारायची आणि वाक्य तोडायचं. सलग पाच वाक्यं ‘होता’, ‘होती’, ‘होतं’ वर संपली तर त्यातली दोन तरी नुसत्या क्रियापदानं लिहून बघायची. ‘त्याच्याकडून दार उघडलं गेलं’ हे तर तुम्ही न बोलता नुसतं अधोरेखित करता.

कापाकापीचा क्रमही तुमच्यामुळे पाठ झालाय. पंधराशे शब्दांची कथा हजारावर आणायची असेल तर शब्द-शब्द खुडत बसायचं नाही. आधी पहिला परिच्छेद झाकून बघायचा. पुष्कळ कथा दुसऱ्या परिच्छेदातच सुरू होतात, पहिल्यात नुसतं आभाळ भरून आलेलं असतं. मग शेवटचा झाकायचा. त्यानंतर एकच काम करणारी दोन पात्रं असतील तर एक काढायचं. मामा आणि काका दोघंही नायिकेला समजावतात? एकाला गावी पाठवा. इतकं करूनही आकडा जुळला नाही तरच विशेषणांना हात लावायचा. काढलेला मजकूर फेकायचा नाही, वेगळ्या पाकिटात ठेवायचा; कापताना हात थरथरत नाही तो या पाकिटामुळे.

दिवाळी अंकांना कथा पाठवण्याबद्दल तुम्ही सांगितलेलं इथे मुद्दाम लिहिते, कारण नवोदितांना ते कोणी सांगत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. पण गणपती बसल्यावर कथा पाठवणाऱ्यांना अजून वाटतं की संपादक आपली वाट बघत थांबलेत. अंकाची जुळणी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. जून-जुलैपर्यंत कथा हातावेगळी झालेली बरी. मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी चिन्हांचा पसारा दिसतो आणि कथा न वाचताच बाजूला पडते. सोबत पीडीएफ जोडली तर निदान काय लिहिलंय ते कळतं. आणि ऱ्य! ‘आचार्यांना बोलावलं’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावलं’ यांत लग्नाच्या पंगतीपुरता फरक आहे. मराठी टाइप करायच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह इंग्रजी J ची कळ दाबली की ऱ मिळतो, पुढे हलन्त आणि य. एवढ्याचा कंटाळा केला की ‘डोंगरदऱ्या’ लिहायला जावं आणि डोंगरापाशी समुद्र यावा.

जगण्याबद्दल तुम्ही कधी उपदेश केला नाहीत, त्याचेही आभार. त्याऐवजी कथा लिहायची हौस असलेल्यांना तुम्ही वाचनकक्षात येणाऱ्या आजी-आजोबांचे अर्ज लिहायला बसवलंत. प्रति, विषय, महोदय, मग पहिल्या दोन ओळींत मागणी, नंतर कारण, शेवटी सोबत जोडलेल्या कागदांची यादी आणि एक झेरॉक्स प्रत पोच घ्यायला. हा साचा शिकायला तासभर पुरतो. अवघड भाग वेगळाच आहे. माणूस तक्रार सांगतो तेव्हा मुद्दा सुरुवातीला येत नाही. आधी बंद पडलेल्या पेन्शनऐवजी सुनेचं बोलणं येतं, मग पावसानं पडलेली भिंत, आणि उठता उठता, पिशवी खांद्याला लावताना, ‘बँकेतला तो अंगठा लागत नाही हो’ हे खरं कारण. अर्जात ते वर न्यायचं, कथेत मात्र त्याच जागी, पिशवी उचलतानाच ठेवायचं. एकाच ऐकण्यातून दोन लेखनं होतात, आणि कोणत्याला काय हवं हे अर्ज लिहून जितकं कळलं तितकं कथालेखनाच्या शिबिरांत क्वचितच कळतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन सकाळपासून बसणाऱ्यांना तुम्ही दुपारी एक ललित लेख देता, तेही न विचारता. काहीजण तो उलटा ठेवून देतात. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुसरा ठेवता. त्यांच्या वतीनंही आभार, ते स्वतः मानतील तेव्हा मानतील.

जाता जाता एक कामाचं. जुने दिवाळी अंक सालवार लावून गठ्ठे बांधून ठेवलेत. बांधणीला द्यायचे का, ते सांगा. जाड अंकांचा आतला समास अर्ध्या इंचाहून कमी आहे, बाजूनं शिवलं तर ओळींची टोकं शिवणीत जातील. आमचं म्हणणं, ते खोक्यात आडवे ठेवावेत आणि प्रत्येक खोक्यावर अनुक्रमणिकेची प्रत चिकटवावी. खोकी किराणा दुकानातून मिळतील, पण आधी उन्हात ठेवायला हवीत, झुरळांची अंडी असतात. तुमचा होकार आला की बुधवारी सुरू करू.

आपली,
वाचनालयाची एक विद्यार्थिनी सभासद