चुकलेली वेलांटी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची तीन प्रकरणं पोचली. आई भाकऱ्या थापत होती, मी वाचून दाखवली. डोंगरावरची निवासी शाळा, गणिताच्या तासाला सांकेतिक लिपी, आणि मेसच्या मावशीच रात्रीच्या पहाऱ्याच्या प्रमुख! मावशींना शेवटपर्यंत ठेव, आईचीही तीच मागणी आहे.

पण तुझी नायिका पहिल्याच रात्री भिंत ओलांडते, दोन माणसं लोळवते, आणि तिला घर एकदाही आठवत नाही. ते मला पटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्युली गावच्या मोठमोठ्या घरांत हेरांना खरोखरच ठेवून शिकवत. नूर इनायत खान तिथंच शिकली. त्याआधी तिनं मुलांसाठी जातककथांचं पुस्तक लिहिलं होतं. जून १९४३ मध्ये ती वायरलेस चालवायला फ्रान्सला गेली. सोबतचे एकेक करून पकडले गेले, तरी जागा बदलत संदेश पाठवत राहिली. पुढे तीही पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत तिला मारलं. वय तीस. तिला घर आठवलं नसेल का गं?

लिपी मात्र परक्या मुलखातून आणू नकोस, आपल्या पूर्व भागातल्या कारखान्यातून घे. लहानपणी नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाच्या पुठ्ठ्यांच्या भोकांना डोळा लावून बसायचीस ना? भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. असे शेकडो पुठ्ठे ओवले की चादरीवर मोर उतरतो. आता समज, नायिकेला घरून सोलापुरी चादर आली आणि मोराच्या पिसाऱ्यात एकच ओळ चुकली आहे. शाळेला वाटेल, माल डागी निघाला. मागावर वाढलेल्या पोरीला तो निरोप वाचता येईल.

आणखी एक. हे वायरलेसवाले संदेशात ठरवून एखादी चूक करत. चूक असली म्हणजे माणूस मोकळा आहे. बिनचूक संदेश आला की समजायचं, शत्रूनं धरलंय. लंडनच्या वरिष्ठांनी काही वेळा ही खूण नसतानाही संदेश खरे मानले आणि त्यापायी आणखी माणसं गेली. ते वाचल्यापासून मी तुझी पत्रं पुन्हा काढून बसलोय. चारही पत्रांत ‘मी मजेत आहे’, त्याच जागी, त्याच शब्दांत.

तर आपणही ठरवू या. खरंच मजेत असशील तेव्हा ‘शेंगाचटणि’ अशी ऱ्हस्व वेलांटी लिही. दीर्घ दिसली की मी रात्रीच्या एसटीत बसेन, कारण विचारणार नाही. वॉर्डनबाईंना काय सांगायचं ते मी बघतो.

चटणीचा डबा आणि कडक भाकरी सोबत पाठवली आहे. चौथं प्रकरण लवकर येऊ दे.

तुझे,
बाबा
सोलापूर