अंगठ्याएवढी टेकडी

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

२०० मिलिमीटर व्यासाचा माझा पहिला आरसा पूर्ण होऊन दुर्बिणीत बसला, पण ज्यांच्यामुळे तो झाला त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. समोरासमोर मानू लागले असते तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून हे चारचौघांत, उघड पत्र.

एकावर एक ठेवलेल्या दोन काचा, मध्ये पाणी आणि ८० नंबरची कार्बोरंडमची भुकटी. घासता घासता वरची काच मधोमध खोलगट होत जाते आणि खालची फुगत जाते, याचे मला केवढे अप्रूप वाटले होते! १२०० मिलिमीटर नाभीय अंतरासाठी (आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतच्या अंतरासाठी) मध्यभागी जेमतेम २ मिलिमीटर खोली पुरते. ती आली तेव्हा निम्मे काम उरकले असे मी धरून चालले होते. तुम्ही एवढेच म्हणालात, "भुकटी बदलताना नखांखालीसुद्धा ब्रश फिरव." जाड भुकटीचा एक चुकार कण बारीक भुकटीत शिरला आणि काचेवर ओरखडा उमटला, तेव्हा कुठे मला त्या वाक्याचे मोल कळले. एक टप्पा मागे जाऊन मी पुन्हा घासले, तरी कडेपाशी त्याचा एक बारीक अंश उरलाच. तो तसाच राहू दे, त्याने वाया जाणारा प्रकाश नगण्य आहे, हेही तुम्हीच सांगितलेत.

खरे ऋण मात्र पॉलिशनंतरच्या दिवसांचे आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेआँ फूकोने १८५८ साली मांडलेली, आरशाचा आकार तपासण्याची चाचणी साधनांच्या दृष्टीने अगदी साधी आहे: आरशाच्या वक्रता केंद्रापाशी (आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याच्या केंद्रापाशी), म्हणजे माझ्या बाबतीत २४०० मिलिमीटरवर, एक बारीक प्रकाशबिंदू ठेवायचा आणि परतणारे किरण ब्लेडच्या धारेने हळूहळू कापायचे, की काचेवरचे उंचसखल भाग तिरप्या उन्हातल्या डोंगरदऱ्यांसारखे दिसू लागतात. गोलीय पृष्ठभाग आणि आपल्याला हवा असलेला अन्वस्त (पॅराबोला, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणणारा आकार) यांत माझ्या आरशाच्या कडेलासुद्धा १ मायक्रॉनपेक्षा कमी फरक होता, आणि ही चाचणी तो डोळ्यांना दाखवते. मला मात्र रोज मध्यभागी टेकडी दिसायची. सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची भुकटी आणि पिचचे (डांबरासारख्या पदार्थाचे) टूल घेऊन मी ती उतरवायची, लगेच आरसा स्टँडवर ठेवायची, आणि टेकडी पुन्हा हजर! दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर त्याच जागी खड्डा.

तिसऱ्या रात्री तुम्ही आलात. माझ्या वहीतले आकडे वाचलेत, काही बोलला नाहीत, आणि रात्रभर स्टँडवर निवांत राहिलेल्या आरशावर अंगठा टेकवून थोडा वेळ तसेच उभे राहिलात. मग मला ब्लेडमागून पाहायला सांगितलेत. अंगठा होता नेमक्या त्या जागी एक ठसठशीत उंचवटा उभा होता, आणि मी पाहत असतानाच तो हळूहळू ओसरून नाहीसा झाला. काच तापली की फुगते हे मी शाळेत शिकले होते. पण पॉलिशच्या घर्षणाने तापलेल्या काचेची कड आधी निवते, मधला भाग मागाहून, आणि मी तीन दिवस एका उबेशी भांडत बसले होते, हे त्या अंगठ्याने दाखवले. त्यानंतर पाच मिनिटे पॉलिश आणि किमान दोन तास वाट पाहणे, असा क्रम मी पाळला. वाट पाहणे हेही कामच आहे, हे माझ्यासारख्या उतावळ्या माणसाच्या गळी उतरवणे सोपे नव्हते.

आणखी एक गोष्ट मनात राहिली आहे. मी पडलेला खड्डा भरून काढण्याच्या खटपटीत होते, तेव्हा चार हात फिरवून तुम्ही तो सहज दुरुस्त केला असता. मी तशी विनंतीही केली होती, आणि तुम्ही नकार दिलात म्हणून थोडी रुसलेही होते. आज त्या नकाराचेच आभार सर्वांत आधी मानावेसे वाटतात, कारण आता त्या काचेवरचा एकही हात परका नाही.

चकचकीत परावर्तक लेप लावायला पाठवण्यापूर्वी आरसा तसाच नळीत बसवून चंद्र पाहा, असे तुम्ही सुचवलेत. कोरी काच जेमतेम ४ टक्के प्रकाश परतवते. तेवढ्यावर काय दिसणार, अशी मला शंका होती. प्रकाश-अंधाराच्या सीमेवरची विवरे इतकी स्पष्ट दिसली, की मी तुम्हाला हाक मारायलाही विसरले. त्या रात्री नेत्रिकेपाशी तुमचा क्रमांक बराच उशिरा लागला, त्याबद्दल क्षमा असावी.

आपली कृतज्ञ,
आरशावाली पुतणी