नकोशा चवींच्या आठवणी : सदस्यांसाठी स्मरणसूचना

सर्व सदस्यांना सविनय कळविण्यात येते की, महाविद्यालयातील आणि घरातील नकोशा खाण्यापिण्याच्या आठवणी लिहून पाठविण्याची मुदत येत्या रविवारी रात्री संपत आहे. केवळ ‘बेचव होते’ एवढेच न लिहिता त्या पदार्थाचा वास, तो जिभेला कसा लागला, कोणी वाढला आणि पुढे आपण तो टाळू लागलात का, हे आवर्जून नोंदवावे. वसतिगृहात तापात प्यालेल्या करपट दुधाचा वास आला की मला आजही पोटात ढवळते, आणि तो पेला घेऊन उशाशी बसलेला मित्रही त्याच क्षणी आठवतो. अशी नावड म्हणजे नुसता हट्ट नव्हे. सॅकरिन या कृत्रिम गोडीचे पाणी पिताना, आजारी पाडणाऱ्या गॅमा किरणांचा मारा सोसलेले उंदीर पुढे ते पाणी टाळतात, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली दाखवून दिले आहे.

घरच्या आठवणी लिहिताना, ज्यांनी कष्टाने रांधून वाढले त्यांचा अवमान होणार नाही, याची कृपया काळजी घ्यावी. खाणावळीचे किंवा व्यक्तीचे नाव देऊ नये.