यशयाने सांगितलेला राजा

चि. रूथ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

बायबलमधल्या यशया संदेष्ट्याची भविष्यवाणी इतकी जुनी. मग आजच्या बातम्यांनी खचलेल्या माणसाला येणाऱ्या राजाच्या त्या वचनाचा काय आधार, असे तू विचारलेस. प्रश्न मोलाचा आहे, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहीत आहे.

ते शब्द कोणत्या दिवसांत उच्चारले गेले, हे आधी ध्यानात घे. इ.स.पू. 735 च्या सुमारास अराम (आजच्या सीरियातले राज्य) आणि उत्तरेकडचे इस्राएल यांनी मिळून दक्षिणेकडच्या यहूदा राज्यावर चढाई केली, तेव्हा यहूदाचा राजा आहाज आणि त्याची प्रजा वाऱ्याने हलणाऱ्या रानातल्या झाडांसारखी कापू लागली. वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी, परटाच्या शेताच्या रस्त्यावर, यशया आपल्या मुलाला बरोबर घेऊन राजाला भेटला आणि भिऊ नकोस म्हणाला. आहाजाने मात्र मंदिरातले व राजवाड्यातले सोनेरुपे अश्शूर या बलाढ्य साम्राज्याच्या तिग्लथ-पिलेसर राजाकडे पाठवून त्याचे साहाय्य मागितले. अश्शूरने उत्तरेकडचा गालील प्रांत गिळला आणि तिथली माणसे बंदी करून नेली. जबुलून व नफताली या इस्राएली वंशांचा हाच प्रदेश. यशयाच्या पुस्तकाचा नववा अध्याय नेमके त्यांचेच नाव घेऊन सुरू होतो: जिथे आधी अंधार पडला, तिथेच मोठा प्रकाश दिसेल. मला सर्वांत अधिक धीर इथे मिळतो, कारण हे वचन राजवाड्यात सुरक्षित बसलेल्यांपासून सुरू होत नाही, तर लुटल्या गेलेल्यांपासून होते.

त्या अध्यायात येणारा राजा बालक म्हणून जन्मतो; त्या जन्माआधी तिथे एक वचन आहे, ज्यावरून आपण घाईने पुढे जातो. सैनिकांचे दणदणणारे जोडे आणि रक्तात लोळलेले कपडे यांचे सरपण होईल, असे ते सांगते. अकराव्या अध्यायातला राजाही डोळ्यांना दिसेल किंवा कानांवर येईल तेवढ्यावरून निवाडा करीत नाही. तो गरिबांचा न्याय नीतीने करतो. तो दाविदाच्या वैभवातून नव्हे, तर दाविदाचा बाप इशाय याच्या तोडलेल्या बुंध्यातून धुमाऱ्यासारखा उगवतो.

ते बालक म्हणजे आहाजाचा मुलगा हिज्कीया, असे पुष्कळ यहूदी भाष्यकार मानतात. त्यांच्या वाचनाचा तू आदर ठेव. हिज्कीया चांगला राजा होता, परंतु इ.स.पू. 701 मध्ये त्याच्याच राज्यातली तटबंदीची नगरे अश्शूरचा राजा सन्हेरीब याने घेतली, आणि त्या बालकाच्या राज्याविषयी सांगितलेली अंत नसलेली शांती काही आली नाही. वचन तसेच उभे राहिले. म्हणूनच प्रभू येशू नासरेथ सोडून त्याच गालीलातल्या कफर्णहूमास राहायला गेला, तेव्हा शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाला जबुलून आणि नफताली आठवले. तुझ्या आईची व माझी श्रद्धा याच ठिकाणी टेकलेली आहे.

नाताळच्या उपासनेत तू हा उतारा वाचशील, तेव्हा पाळकांना विचारून आठव्या अध्यायाच्या शेवटच्या दोन वचनांपासून सुरुवात कर. तिथे माणसे भुकेने व्याकूळ होऊन देशभर भटकत आहेत, वर पाहत आहेत, खाली पाहत आहेत, आणि त्यांना काळोखावाचून काही दिसत नाही.

तुझे,
बाबा