आजी डाव्या कुशीवर वळायची

बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस की वॉर्डात एका काकूंनी तुला तपासूच दिलं नाही, सकाळपासून चौघं येऊन गेली आता पुरे असं म्हणाल्या, आणि तुला चोरी करताना पकडल्यासारखं झालं. मी ट्रेनमधे होतो, धड ऐकू येत नव्हतं म्हणून नुसतं हं हं केलं, पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. म्हणून आता निवांत टाईप करतोय, लांबलं तर लांबू दे.

आजीचं ऑपरेशन तू डॉक्टरकी शिकतेस त्याच केईएम हॉस्पिटलला झालं हे तुला माहितीये, पण त्याच्या आधीचे पंधरा दिवस मी तुला कधी सांगितले नाहीत. साल 1983. गिरणी संपाला दीड वर्ष होत आलेलं, आजोबा घरी बसून, आणि आजीला चाळीचे दोन जिने चढले की धाप लागायची. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता तिला, त्यातनं हृदयाची झडप आकसलेली, मायट्रल स्टेनोसिस, हे तू आता माझ्यापेक्षा नीट सांगशील. मी बारा वर्षांचा, शाळा सुटली की डबा घेऊन वॉर्डात. तर त्या झडपेचा मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादाचा आवाज, ऐकणं म्हणे भारी अवघड, पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, स्टेथोची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, हलकेच टेकवायची, तेव्हा कुठे ऐकू येतो. त्यामुळे आजी म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांना हवी असलेली केस. सरांच्या मागे पोरंपोरी यायची आणि आजी वळायची डाव्या कुशीवर. मग सरळ. मग दुसरा आला की परत डाव्या कुशीवर. मला जाम राग यायचा. एकदा म्हटलं आये, सांग ना त्यांना नको म्हणून, तर म्हणते कशी, "अरं त्या पोरीला ऐकूच येत न्हवतं, मी श्वास धरून ठेवला तवा आलं, कसली खूश झाली ती."

ती काही फार मोठ्या मनाची वगैरे होती म्हणून नाही सांगत. तिला कंटाळा पण यायचा, एखाद्या दिवशी तोंड फिरवून झोपायची. पण सर बेडपाशी उभं राहून विद्यार्थ्यांना जे समजावायचे ते ऐकून ऐकून तिला स्वतःचा आजार पाठ झाला होता, आजोबांना तीच सांगायची की झडपेचं तोंड बारीक झालंय, छाती उघडून ते मोठं करायचंय. लोकं म्हणतात ना की अशा हॉस्पिटलात विद्यार्थी आपल्यावर हात साफ करून घेतात, मला ते अजिबात पटत नाही. विद्यार्थी "का" विचारतो म्हणून मोठ्या सरांना रोज गरीब माणसाच्या खाटेपाशी उभं राहून उत्तर द्यावं लागतं, हे दुसरीकडे कुठे होतं सांग.

आणि शिकवण्याचा हा हक्क पण आयता नाही मिळालेला. भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 चं, तिथे आपली मुलं पहिल्यापासून शिकत होती, पण प्रोफेसरच्या खुर्च्या बहुतेक सरकारी आयएमएस (इंडियन मेडिकल सर्व्हिस) अधिकाऱ्यांच्या, म्हणजे बव्हंशी गोऱ्यांच्या. डॉक्टर व्हा, पण शिकवायला उभे राहू नका. तुझ्या कॉलेजला शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या ट्रस्टचा पैसा आला तो या अटीवर की शिकवणारे सगळे लायक, स्वतंत्र भारतीय असतील, सरकारी नोकरीतले नाहीत. 1926 साली परळला केईएम उभं राहिलं ते इंग्लंडच्या राजाच्या नावाचं, आणि आत शिकवणारे सगळे आपले! पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, ते स्वतः ग्रँटला शिकलेले, पुढे 1960 ला गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आणि हो, लोकं सरसकट सरकारी हॉस्पिटल म्हणतात पण ते महापालिकेचं आहे, मुंबईकरांच्या पैशाचं. मला तरी त्याचा फार अभिमान वाटतो.

केईएमचे हार्ट सर्जन डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांचं तर तुला माहितीच असेल. डिसेंबर 1967 ला जगातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट झालं आणि फेब्रुवारी 1968 मधे, अडीच महिन्यांत, सेनांनी परळला केलं. पेशंट काही तासच जगला. त्याच वर्षी त्यांनी परत केलं, तोही वाचला नाही. आपण 1986 ला केईएमलाच डॉ. इंदिरा हिंदुजांनी केलेल्या टेस्ट ट्यूब बेबीची बातमी आवडीने सांगतो, ती सांगावीच, पण मला सेनांच्या त्या दोन पेशंटची आठवण जास्त येते. पुढे ज्यांना नवीन हृदय मिळालं त्यांच्या आधी ही दोन माणसं त्या टेबलावर झोपली होती.

आणि सिस्टर लोकांशी नीट वाग. त्यांच्यातल्याच एका अंथरुणाला खिळलेल्या सिस्टरला त्यांनी 1973 पासून 2015 पर्यंत, 42 वर्षं, त्याच हॉस्पिटलात सांभाळलं. नाव मी लिहीत नाही, तुला माहितीये. आधीच्या सिस्टर रिटायर झाल्या, नवीन आल्या, त्यांनी पुढे सुरू ठेवलं, काहींनी तर तिला धडधाकट कधी पाहिलंही नव्हतं.

आता तुझ्या काकूंचं. नाही म्हणाल्या तर तो त्यांचा हक्क आहे, तू रुसू नकोस आणि स्वतःला चोर पण समजू नकोस. उद्या नुसती जा, स्टेथो खिशात ठेवून. नाव सांग, जेवलात का विचार, मग म्हण की मी शिकतेय, तपासू का. पडदा ओढ. बेल हातात धरून जरा गरम कर, आजी नेहमी म्हणायची की गार चकती टेकली की दचकायला होतं. आणि त्यांच्या अंगावरून आपसात इंग्रजीत बोलत बसू नका, काय चाललंय ते त्यांना त्यांच्या भाषेत सांग.

आजीचे ओपीडीचे जुने केस पेपर कपाटात सापडले, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेत तिने. एकावर कुणीतरी छातीचं चित्र काढून बाण केलाय आणि खाली दोन ओळी लिहिल्यात, मला ते अक्षर काही लागत नाही. शनिवारी आलीस की वाचून दाखव.

तुझा
बाबा